दातांची भूल आणि सुरक्षिततेचे गणित

मुंबईच्या हार्बर मार्गावरील रे रोड स्थानक १९१० साली, कुर्ल्याहून बंदराच्या कडेने आलेल्या लोहमार्गाचे अखेरचे स्थानक म्हणून सुरू झाले आणि १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव त्याला मिळाले. स्थानकाच्या परिसरात दारूखाना, लाकडी बंदर, कोळसा बंदर अशा जुन्या बंदरी वस्त्या असून जहाजे मोडणे, लोखंड कापणे, भंगाराची चढउतार आणि गोदामांतील हमाली यांवर तेथील कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. अंगमेहनतीच्या या कामात तंबाखू-चुना, गुटखा आणि सुपारी यांची सवय लवकर जडते, दाताचे दुखणे मात्र लवंग, मशेरी आणि दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी यांवर महिनोन्‌महिने ढकलले जाते, आणि दाढेला पू होऊन गाल सुजला की मग दवाखान्याची वाट धरली जाते.

ती वाट या वस्त्यांना तशी दूर नाही. रे रोडला हार्बर गाडी पकडून डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड आणि मस्जिद ही स्थानके मागे टाकली की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय लागते. मुंबई सेंट्रलच्या बाजूला महानगरपालिकेचे, १९३३ साली स्थापन झालेले नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. या दोन्ही ठिकाणी काय किंवा गल्लीतल्या खाजगी दवाखान्यात काय, केसपेपर काढल्यापासून दाढ हातात येईपर्यंतच्या सगळ्या टप्प्यांत रुग्णाला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती हिरडीत टोचल्या जाणाऱ्या भुलीच्या इंजेक्शनची. वास्तविक दंतवैद्यकातील ही स्थानिक भूल, म्हणजे रुग्ण पूर्ण शुद्धीवर असताना जबड्याचा ठरावीक भाग तेवढा बधीर करणारी भूल, वैद्यकातील अतिशय सुरक्षित उपचारांत गणली जाते. मात्र ती सुरक्षितता आपोआप येत नाही; वजनानुसार केलेला मात्रेचा हिशेब, सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून केलेली खातरजमा, निर्जंतुक आणि ओळख पटलेले औषध, आणि रुग्णाने दिलेली खरी माहिती या चार गोष्टी जुळून आल्या की ती येते, आणि यांपैकी चौथी गोष्ट सर्वस्वी रुग्णाच्याच हाती असते.

कोकेनपासून लिग्नोकेनपर्यंत

स्थानिक भुलीचा इतिहास हा एकापाठोपाठ एक धोके कमी करीत जाण्याचा इतिहास आहे. दक्षिण अमेरिकेतील कोका या झुडपाच्या पानांतून जर्मन रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट नीमान याने १८६० च्या सुमारास कोकेन वेगळे केले. व्हिएन्नातील तरुण नेत्रवैद्य कार्ल कोलर याने १८८४ साली कोकेनचे थेंब घालून डोळा बधीर होतो हे सिद्ध केले, आणि त्याच वर्षअखेरीस न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड व त्याच्या सहकाऱ्यांनी खालच्या जबड्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचून त्या बाजूचे दात बधीर करून दाखविले. परंतु कोकेन विषारी होते, त्याची मात्रा सांभाळणे अवघड होते आणि त्याचे व्यसन लागत असे. स्वतःवर प्रयोग करणारा हॉल्स्टेड स्वतःच त्या व्यसनात सापडला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई-कलकत्त्यासारख्या बंदरांच्या शहरांत पानातून कोकेन खाण्याचा नाद फैलावला होता आणि चोरट्या मार्गाने येणारा हा माल रोखताना सरकारची दमछाक होत असे, यावरून दातांसाठी वापरले जाणारे हे औषध किती धोक्याचे होते याची कल्पना येते.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड आइनहॉर्न याने १९०४-०५ च्या सुमारास व्यसन न लावणारे प्रोकेन तयार केले, जे नोव्होकेन या व्यापारी नावाने जगभर पोहोचले आणि जुन्या पिढीतील दंतवैद्यांच्या तोंडी तेच नाव दीर्घकाळ राहिले. प्रोकेनचा गुण लवकर ओसरत असे आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी होत असे. स्वीडनमधील निल्स लॉफग्रेन याने १९४३ साली लिडोकेन बनविले, त्याचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट याने ते स्वतःला टोचून त्याचा गुण पाहिला, आणि १९४८ साली झायलोकेन या नावाने ते बाजारात आले. भारतात लिग्नोकेन म्हणून ओळखले जाणारे हेच औषध आज आपल्याकडील बहुतेक दंत दवाखान्यांत वापरले जाते. त्याची रासायनिक बांधणी प्रोकेनहून वेगळी, म्हणजे एस्टरऐवजी अमाइड प्रकारची असल्यामुळे त्याची खरीखुरी अ‍ॅलर्जी फार विरळा आढळते आणि त्याचा निचरा प्रामुख्याने यकृतात होतो; म्हणूनच यकृताचा गंभीर आजार असलेल्या रुग्णाला ते जपून द्यावे लागते.

वेदनेचा निरोप कसा अडतो

दाताच्या मुळाशी निर्माण झालेली वेदना मज्जातंतूतून विद्युत लहरीच्या रूपाने मेंदूकडे जाते आणि ही लहर पुढे सरकण्यासाठी तंतूच्या आवरणातील सूक्ष्म मार्गांतून सोडियमचे कण आत शिरावे लागतात. लिग्नोकेनचे रेणू तंतूत शिरून हे मार्ग आतल्या बाजूने बंद करतात, त्यामुळे लहर तिथेच थांबते आणि औषध रक्तात ओसरून गेले की मार्ग पुन्हा मोकळे होतात. वेदना वाहून नेणारे बारीक तंतू लवकर बंद होतात, तर दाब आणि स्पर्श यांचे जाड तंतू काही अंशी चालू राहतात. म्हणून भूल चांगली लागलेली असतानाही दाढ हलविताना जोर लागल्याचे आणि काही ओढले जात असल्याचे जाणवते. हे जाणवणे म्हणजे भूल फसली असे नव्हे, हे रुग्णाला आधीच सांगितले तर त्याची निम्मी भीती जाते. मात्र दाबाऐवजी तीक्ष्ण कळ आली तर रुग्णाने लगेच हात वर करावा आणि डॉक्टरांनी थांबावे, कारण दुखत असताना सोसण्यात कोणताही लाभ नाही.

सुजलेल्या, पू झालेल्या दाढेवर भूल नीट लागत नाही ही तक्रार मुंबईच्या ओपीडींत रोज ऐकू येते आणि तिचे कारण रसायनशास्त्रात आहे. लिग्नोकेनचे विद्युतभार नसलेले रेणूच तंतूच्या आवरणातून आत जाऊ शकतात. निरोगी ऊतीत अशा रेणूंचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश असते, परंतु जंतुसंसर्गामुळे ती जागा आम्लधर्मी झाली की हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली येऊ शकते, आणि टोचलेले बरेचसे औषध तंतूच्या बाहेरच अडकून राहते. अशा वेळी एकाच जागी पुन्हा पुन्हा इंजेक्शन देत राहिल्यास मात्रा वाढत जाते आणि गुण मात्र येत नाही. त्याऐवजी संसर्गापासून दूर, मज्जातंतू जिथून जबड्यात शिरतो तिथे भूल देणे, पू आधी वाहून काढणे किंवा गरज असल्यास प्रतिजैविके देऊन सूज उतरल्यावर दाढ काढणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. ‘आजच्या आज काढून टाका’ असा आग्रह धरणाऱ्या रुग्णाला डॉक्टर चार दिवसांनी बोलावतात तेव्हा त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

अ‍ॅड्रिनलिन कशासाठी

दंतवैद्य वापरतात त्या लिग्नोकेनमध्ये बहुधा अ‍ॅड्रिनलिन मिसळलेले असते. जर्मन शल्यविशारद हाइनरिश ब्राउन याने विसाव्या शतकाच्या आरंभी ही जोड दिली आणि भुलीच्या सुरक्षिततेत मोठी भर पडली. अ‍ॅड्रिनलिनमुळे त्या भागातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे औषध रक्तात सावकाश शिरते, भूल अधिक वेळ टिकते आणि रक्तस्रावही कमी होतो. निव्वळ लिग्नोकेनने दाताच्या गाभ्याला मिळणारी भूल पाच-दहा मिनिटांत ओसरू लागते, तर अ‍ॅड्रिनलिनसह ती तासभर टिकते आणि ओठ-जिभेचा बधिरपणा तीन ते पाच तास राहतो.

इंजेक्शननंतर काही जणांना छातीत धडधडते, हात थरथरतात आणि अस्वस्थ वाटते. हा बहुतेक वेळा याच अ‍ॅड्रिनलिनचा किंवा भीतीपोटी शरीराने स्वतः सोडलेल्या अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम असतो आणि काही मिनिटांत तो शमतो. याच अनुभवावरून ‘मला भुलीची अ‍ॅलर्जी आहे’ असा समज करून घेऊन लोक पुढे वर्षानुवर्षे दातांचे उपचार टाळतात. हृदयविकार असलेल्या रुग्णाला अ‍ॅड्रिनलिन मुळीच द्यायचे नाही असेही नाही. अपुऱ्या भुलीमुळे दुखले तर शरीर स्वतःच जे अ‍ॅड्रिनलिन रक्तात सोडते ते इंजेक्शनातल्यापेक्षा अधिक अपायकारक ठरू शकते, म्हणून अशा रुग्णाला मर्यादित मात्रा, सावकाश आणि खात्री करून देणे हेच योग्य मानले जाते. रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल किंवा थायरॉईड संप्रेरकाचे प्रमाण अनियंत्रितपणे वाढलेले असेल तर मात्र तातडीचे नसलेले काम पुढे ढकलणे इष्ट असते.

मात्रेचा हिशेब

भुलीच्या सुरक्षिततेचा खरा कणा म्हणजे मात्रेचा हिशेब, आणि तो शाळेतल्या गणिताइतका सोपा आहे. भारतात सर्रास मिळणाऱ्या बाटलीवर ‘लिग्नोकेन २ टक्के, अ‍ॅड्रिनलिन १:८०,०००’ असे लिहिलेले असते. दोन टक्के म्हणजे दर मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लिग्नोकेन, आणि १:८०,००० म्हणजे दर मिलिलिटरमध्ये १२.५ मायक्रोग्रॅम अ‍ॅड्रिनलिन. अ‍ॅड्रिनलिनसह लिग्नोकेनची कमाल मर्यादा निरोगी प्रौढात शरीराच्या दर किलोमागे ७ मिलिग्रॅम आणि एकूण ५०० मिलिग्रॅम अशी धरली जाते, तर अ‍ॅड्रिनलिनची मर्यादा एका बैठकीत २०० मायक्रोग्रॅम मानली जाते. साठ किलो वजनाच्या धडधाकट हमालाच्या बाबतीत पहिल्या नियमाने २१ मिलिलिटर औषध चालेल असे दिसते, पण दुसऱ्या नियमाने १६ मिलिलिटरलाच सीमा येते, आणि दोहोंपैकी लहान आकडा पाळायचा असतो. त्याच वजनाच्या रुग्णाला हृदयविकार असेल तर अ‍ॅड्रिनलिनची मर्यादा ४० मायक्रोग्रॅमवर येते, म्हणजे केवळ ३.२ मिलिलिटर. एक दाढ काढण्यास साधारण दोन-तीन मिलिलिटर पुरत असल्यामुळे प्रौढांच्या बाबतीत ही सीमा सहसा ओलांडली जात नाही; मात्र एकाच दिवशी दोन्ही बाजूंच्या दाढा काढण्याचा घाट घातला की हृदयरोग्याच्या बाबतीत ती केव्हा ओलांडली हे कळतही नाही.

लहान मुलांचे गणित याहून नाजूक असते आणि दंतवैद्यकातील भुलीच्या गंभीर दुर्घटनांत मुलांच्या वजनाकडे दुर्लक्ष हे वारंवार आढळलेले कारण आहे. मुलांसाठी दर किलोमागे ४.४ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा पाळली जाते. पंधरा किलो वजनाच्या मुलासाठी ती ६६ मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ मिलिलिटर होते; १.८ मिलिलिटरच्या दोन कार्ट्रिज, म्हणजे काचेच्या तयार नळ्या, पूर्ण वापरल्या तर ७२ मिलिग्रॅम औषध जाऊन मर्यादा मोडते. सुई टोचण्यापूर्वी हिरडीवर मारल्या जाणाऱ्या दहा टक्के स्प्रेच्या एका फवाऱ्यातही सुमारे १० मिलिग्रॅम लिग्नोकेन असते आणि ते याच हिशेबात धरावे लागते. म्हणून मुलाला दाताच्या डॉक्टरकडे नेताना अंदाजाने सांगितलेल्या वजनावर विसंबू नये, तिथल्या तिथे काट्यावर वजन करून घ्यावे आणि तोंडातील सगळे किडलेले दात एकाच खेपेत उरकण्याची घाई करू नये.

खालच्या दाढेचे इंजेक्शन

वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असल्यामुळे दाताच्या मुळाजवळ औषध सोडले की ते हाडातून झिरपते; खालच्या जबड्याचे मागच्या बाजूचे हाड जाड आणि भरीव असल्यामुळे तिथे हा उपाय पुरत नाही. त्यामुळे खालच्या दाढांचा मज्जातंतू जबड्याच्या उभ्या भागाच्या आतील अंगाने जिथे हाडात शिरतो, त्या छिद्राच्या थोडे वर औषध पोहोचवावे लागते, आणि त्यासाठी सुई गालाच्या आत सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटर न्यावी लागते. हे छिद्र डोळ्यांना दिसत नाही, माणसागणिक त्याची जागा थोडी बदलते, आणि अनुभवी हातांनाही दर सहा-सात रुग्णांमागे एखाद्याला ही भूल दुसऱ्यांदा द्यावी लागू शकते. त्यात डॉक्टरांच्या कौशल्याची उणीव असतेच असे नाही.

या मज्जातंतूच्या अगदी लगत धमनी आणि शीर धावतात, म्हणून सुई इच्छित जागी पोहोचल्यावर औषध ढकलण्याआधी दट्ट्या किंचित मागे ओढून पाहणे अत्यावश्यक ठरते. सिरिंजमध्ये रक्त आले तर सुईचे टोक रक्तवाहिनीत आहे असा त्याचा अर्थ. या इंजेक्शनात दहा ते पंधरा टक्के वेळा तसे घडते, आणि मग सुई थोडी मागे घेऊन, दिशा बदलून पुन्हा खातरजमा करावी लागते. हे काही सेकंदांचे काम टाळले तर जी मात्रा ऊतीत पूर्णतः सुरक्षित असते तीच थेट रक्तात जाऊन क्षणार्धात अपाय करू शकते. त्यानंतर औषध मिनिटाला साधारण एक मिलिलिटर इतक्या संथ गतीने सोडणे हा दुसरा नियम. संथ इंजेक्शन कमी दुखते आणि काही विपरीत घडू लागले तर हात थांबविण्यास अवधी मिळतो. सुई पूर्ण मुळापर्यंत आत न खुपसणे हा तिसरा नियम, कारण सुई मोडली तर ती बहुधा मुळाशीच मोडते आणि तिचा काही भाग बाहेर असेल तरच चिमट्याने धरता येते.

तोंड उघडत नाही तेव्हा

दक्षिण व मध्य मुंबईच्या कष्टकरी वस्त्यांत या इंजेक्शनापुढे आणखी एक अडचण उभी राहते. सुपारी आणि सुपारीयुक्त गुटखा दीर्घकाळ चघळल्याने गालाच्या आतील मऊ अस्तराखाली घट्ट तंतूंचे पट्टे तयार होतात, अस्तर पांढरट पडते, तिखट लागताच जळजळ होते आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. हा आजार पुढे कर्करोगात बदलू शकतो, आणि १९४१ पासून परळ येथे कार्यरत असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण देशभरातून मोठ्या संख्येने येतात यामागे तंबाखू आणि सुपारी हीच मुख्य कारणे आहेत. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून घेऊन एकत्र करण्याची पळवाट खुलीच राहिली.

निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावतात. ज्याच्या तोंडात एक-दीड बोट जेमतेम जाते त्याला खालच्या दाढेची नेहमीची भूल देणे शक्यच होत नाही, कारण तिच्यासाठी तोंड मोठे उघडून खुणा पाहाव्या लागतात. अशा रुग्णांसाठी व्हझिरानी यांनी १९६० मध्ये आणि अकिनोसी यांनी १९७७ मध्ये वर्णन केलेली, दात मिटलेले असतानाच भूल देण्याची पद्धत कामी येते. तिच्यात सुई वरच्या दाढांच्या हिरडीच्या कडेला समांतर ठेवून, गाल आणि जबडा यांच्या मधल्या जागेतून सुमारे अडीच सेंटिमीटर मागे नेली जाते. येथे सुईला हाडाचा स्पर्श लागत नाही, त्यामुळे खोलीचा अंदाज नजरेने आणि सरावाने ठेवावा लागतो आणि दट्ट्या मागे ओढण्याचा नियम अधिकच काटेकोरपणे पाळावा लागतो. ज्याचे तोंड उघडत नाही त्याला संपूर्ण भूल देणेही धोक्याचे असते, कारण श्वासनळीत नळी घालणे कठीण जाते. काही विपरीत घडल्यास कृत्रिम श्वास देणेही तितकेच अवघड होते. म्हणून अशा रुग्णाची दाढ लहान दवाखान्यात जोर लावून काढण्याऐवजी त्याला सर्व सोयी असलेल्या दंत महाविद्यालयात पाठविणे हा डॉक्टरांच्या जबाबदारीचाच भाग आहे.

बाटली, सुई आणि सिरिंज

पाश्चात्त्य देशांत एका रुग्णाला एक अशा कार्ट्रिजचा प्रघात आहे, तर आपल्याकडे खर्चाच्या विचाराने ३० मिलिलिटरची, अनेक रुग्णांना पुरणारी बाटली अनेक ठिकाणी वापरली जाते. तिचा वापर सुरक्षितपणे करता येतो, पण त्यासाठी शिस्त लागते. प्रत्येक वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज घ्यावी, रुग्णाच्या तोंडात गेलेली सुई आणखी थोडे औषध ओढण्यासाठी पुन्हा बाटलीत घालू नये, रबरी बूच स्पिरिटने पुसावे, उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि अठ्ठावीस दिवसांनंतर उरलेले औषध टाकून द्यावे. एकदा वापरलेली सुई बाटलीत गेली की हिपॅटायटिस बी सारखा विषाणू त्या बाटलीतून पुढच्या साऱ्या रुग्णांपर्यंत पोहोचू शकतो.

रिकाम्या बाटल्यांचा पुनर्वापर हा दुसरा धोका आहे. लिग्नोकेनच्या रिकाम्या बाटलीत फॉर्मेलिन भरून ठेवले आणि पुढे कोणीतरी भूल समजून तेच टोचले, अशा घटनांची नोंद दंतवैद्यकीय नियतकालिकांत झालेली आहे. हाडाभोवतीची ऊती जळून रुग्णाला दीर्घकाळ यातना भोगाव्या लागतात. औषधाच्या बाटलीत औषधाशिवाय दुसरे काहीही न भरणे, आणि सिरिंज भरण्यापूर्वी नाव, टक्केवारी व मुदत मोठ्याने वाचणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. वापरलेल्या सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात आणि काचेच्या बाटल्या निळ्या वर्गात टाकाव्यात, असे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी ठरवून दिलेले आहे.

घेरी, अ‍ॅलर्जी आणि विषबाधा

दाताच्या खुर्चीत उद्भवणारा सर्वांत नेहमीचा प्रसंग म्हणजे घेरी येणे, आणि ती औषधामुळे येत नाही तर भीती, उपाशी पोट आणि सरळ बसलेली स्थिती यांमुळे येते. संपूर्ण भुलीच्या आधी उपाशी राहावे लागते हे ऐकून अनेक जण दाढ काढायलाही उपाशी येतात, कोणी चतुर्थी-एकादशीचा उपवास धरून येतो, कोणी रात्रपाळी संपवून थेट येतो. स्थानिक भुलीपूर्वी पोटभर नाही तरी हलके खाणे आवश्यक आहे आणि मधुमेहाच्या रुग्णाला तर ते टाळताच येत नाही. घेरी आल्यास रुग्णाला आडवे करून पाय वर उचलले की तो बहुधा मिनिटभरात भानावर येतो. गरोदर स्त्रीला मात्र डाव्या कुशीवर वळवावे. गरोदरपणी दात दुखत असल्यास लिग्नोकेन देता येते आणि मधले तीन महिने त्यासाठी सर्वांत सोयीचे असतात.

खरी अ‍ॅलर्जी विरळा असली तरी बाटलीतील परिरक्षक मिथाइलपॅराबेन आणि अ‍ॅड्रिनलिन टिकविण्यासाठी घातलेले सल्फाइट यांना काही जणांचे शरीर प्रतिसाद देते. सल्फाइटमुळे दम्याच्या काही रुग्णांना त्रास होऊ शकतो. कातडीखाली थोडे औषध टोचून काही न झाल्यास पुढे धोका नाही असे गृहीत धरणे बरोबर नव्हे. पूर्वी अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे असे काही झाले असेल तर त्याची तपासणी अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञाकडे, रुग्णालयात व्हावी.

मात्रा जास्त झाली किंवा औषध थेट रक्तात गेले तर पहिल्या खुणा अशा दिसतात: ओठांभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानांत घणघण, बोबडे बोलणे आणि असंबद्ध बडबड. त्यानंतर स्नायू थरथरू लागतात, आकडी येते, आणि शेवटी शुद्ध हरपून श्वास व हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून इंजेक्शन दिल्यावर रुग्णाला एकटे सोडून जाऊ नये आणि त्याच्याशी बोलत राहावे. खुणा दिसताच काम थांबविणे, प्राणवायू देणे, आकडी आवरणारे औषध देणे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे ही डॉक्टरांची कामे आहेत. रुग्णालयात अशा वेळी २० टक्के स्निग्ध द्रावण शिरेतून देतात, जे रक्तातील औषध स्वतःकडे खेचून हृदय व मेंदू यांवरचा भार उतरविते. ज्या दवाखान्यात प्राणवायूचा सिलिंडर आणि तातडीची औषधे नाहीत तिथे भुलीची सुई उचलली जाऊ नये. पदपथावर किंवा फळीमागे बसून दात काढून देणाऱ्यांकडे यांतले काहीच नसते. कायद्यानुसार नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच हे काम करता येते, आणि नोंदणी क्रमांक विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

रुग्णाने सांगायच्या गोष्टी

डॉक्टरांचे सारे कौशल्य अपुऱ्या माहितीपुढे हतबल होते. रक्तदाब, हृदय, दमा, मधुमेह, थायरॉईड, यकृत यांचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरच्या किंवा प्रोप्रॅनोलॉलसारख्या हृदयाच्या गोळ्या, ज्यांच्यासोबत अ‍ॅड्रिनलिन जपून द्यावे लागते, गरोदरपण, आधीच्या इंजेक्शनला झालेला त्रास, आणि दारू-तंबाखूची सवय, हे सर्व न विचारताही सांगावे. गोळ्यांची नावे आठवत नसतील तर रिकामी पाकिटे खिशात घालून न्यावीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत.

घरी गेल्यावर बधिरपणा उतरेपर्यंतचे तीन ते पाच तास जपावे लागतात. या काळात गरम चहा पिऊ नये, गाल चावला जाईल असे काही खाऊ नये, आणि तंबाखू-चुना गालात मुळीच ठेवू नये, कारण बधीर गालाला चुन्याची आग कळत नाही आणि जखम चांगलीच भाजून निघते. लहान मुले बधीर ओठ गंमत म्हणून चावतात व संध्याकाळपर्यंत तो सुजून येतो, तेव्हा मुलावर मोठ्यांचे लक्ष असावे. दात येणाऱ्या बाळाच्या हिरडीवर दुकानातून आणलेला बधीर करणारे मलम चोळू नये; त्यातील बेंझोकेन या द्रव्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते म्हणून दोन वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला आहे.

दाताचे दुखणे अंगावर काढण्यामागे रे रोडच्या हमालाला काय किंवा दादरच्या गृहिणीला काय, अनेकदा सुईचीच भीती असते, आणि ती भीती जितकी मोठी असते तितका खरा धोका मोठा नसतो. गालाला सूज येण्याआधी, हलके खाऊन, आपल्या औषधांची पाकिटे घेऊन, नोंदणीकृत डॉक्टरांकडे किंवा दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत जावे, मुलाचे वजन करून घ्यावे, आणि इंजेक्शन देण्यापूर्वी आपली सगळी माहिती मोकळेपणाने सांगावी. एवढे केले की दातांची भूल निर्धास्तपणे घ्यावी.